मुकादमाची मायबोली

परमुलखातल्या आपल्या लोकांच्या वस्तीत तिला सगळे बोलकी वहिनी म्हणत, तेही चेष्टेने. दिवसभरात ती चार वाक्यं बोलली तर शेजारीण भिंतीपलीकडून विचारायची, "आज पाहुणे आलेत वाटतं?" पण दवाखान्यात जायचं असो की घरमालकाकडे, इथल्या लोकांशी बोलायची वेळ आली की सगळे तिलाच बोलवायला येत. तिचा नियम एकच होता. खोलीत जे बोललं जाईल ते पलीकडे पोचवायचं. पदरचं घालायचं नाही, काही गाळायचं नाही. बाहेर आल्यावर त्यातलं अवाक्षर काढायचं नाही. म्हणून तर एकमेकांचं तोंड न पाहणारी माणसंही तिच्या दाराशी एका रांगेत उभी राहत.

इथली ही परकी भाषा ती शिकली ती मात्र डूख धरून.

नवरा बांधकामाच्या परांचीवरून पडला तेव्हा तिला इथला एक शब्द येत नव्हता. इस्पितळाच्या व्हरांड्यात मुकादम मालकाशी बोलला. मुकादम आपल्याकडचाच, तिने भाऊजी म्हणावं असा. मालकाने मान हलवली आणि भरपाई नाकारली गेली. मुकादम एक शब्द पुनःपुन्हा म्हणाला होता. तो तिने तोंडपाठ करून ठेवला आणि पुढे धुलाईघरात चादरींना इस्त्री करता करता शेजारच्या आपल्याकडच्याच बाईला विचारला.

बाई हसली. "दारुडा."

नवऱ्याने जन्मात थेंब चाखला नव्हता. परांचीची फळी कुजलेली होती आणि ती बदलायचं काम मुकादमाचं होतं. तिने त्याला जाब विचारला तेव्हा त्याने कानांवर हात ठेवले. वस्ती म्हणाली, जाऊ द्या वहिनी, आपल्यातलंच माणूस आहे. नवरा लंगडत घर सांभाळू लागला. ती गप्प बसली आणि भाषा घोटत राहिली.

मग मुकादमाला कामावरच झटका आला. हातपाय वाचले, पण आयुष्यभर मिरवलेली परकी भाषा साफ पुसली गेली. उरली फक्त मायबोली. पेन्शन मिळणार की नाही, हे कंपनीचा डॉक्टर ठरवणार होता. मुकादमीण दारात येऊन रडली.

"वाकडं बोलू नकोस तिथे," नवरा म्हणाला.

"मी बोलते कुठे?" ती म्हणाली आणि चपला घातल्या.

डॉक्टरने विचारलं, "झटका आला त्या दिवशी दारू घेतली होती का?"

तिने प्रश्न जसाच्या तसा सांगितला. मुकादमाचा चेहरा उतरला.

"वहिनी, पाया पडतो. नाही म्हणून सांगा. तुमच्या माणसावर मी खोटा आळ घेतला. फळी बदलायची माझ्याकडूनच राहिली होती. तो राग आज काढू नका."

डॉक्टरच्या तोंडासमोर हे तो खुशाल मोठ्याने बोलला. आपण आपल्या बोलीत बोललो की आजूबाजूचे सगळे बहिरे, हे वस्तीतल्या प्रत्येकाच्या हाडीमाशी खिळलेलं. बसमध्ये शेजारी बसलेल्याच्या नाकाची चर्चाही ते अशीच करत.

तिने आधी "नाही" सांगितलं. मग फळी सांगितली, आळ सांगितला, पाया पडतो हेही सांगितलं. लिहून घेणाऱ्या डॉक्टरचा हात मागे पडू नये इतकं सावकाश.

"एवढं लांबलचक काय सांगताय? नाही, एवढंच ना?" मुकादमाने विचारलं.

"तुम्ही बोललात तेवढंच, भाऊजी."

मुकादमाला पेन्शन मिळाली. पण डॉक्टरचा कागद कंपनीत पोचला आणि नवऱ्याच्या अपघाताची चौकशी पुन्हा उघडली. वस्तीत दोन तट पडले. निम्म्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं. मुकादमीण तर दारातच उभी राहून तिला घालूनपाडून बोलली.

"आपलं आपल्यात मिटवलं नसतं का?"

"तुम्ही मिटवलंच होतं की."

"आता त्यांना चौकशीला बोलावलंय. ते बोलणार आपल्या बोलीत. तिथे त्यांचं बोलणं सांगायला येणार कोण?"

"मीच येईन," ती म्हणाली. "दुसरं आहे कोण तुम्हाला?"