मागच्या भिंतीवरचे आदिमानव

मास्तरकीत सामान फार जमत नाही. बदली झाली की सगळं एका ट्रंकेत मावतं. किस्स्यांना मात्र टेम्पो लागेल! माझे निम्मे किस्से तर एकाच भिंतीचे. शिनोलीच्या पुढं डोंगरात आमची शाळा होती, तिची मागची भिंत. साल दोन हजारच्या पुढंमागं. आदिमानवाचा धडा मी तिथंच घ्यायचे. गेरू घ्या, कोळसा घ्या आणि काढा!

*

पहिल्याच आठवड्यात एक आई तणतणत आली. "बाई, पोरगी चुलीतला कोळसा घिऊन पळती. शिकिवताय तरी काय?"

"हजारो वर्षांपूर्वी माणसं गुहेत चित्रं काढायची, भिंतीवर पंजा ठेवून भोवतीनं रंग फुंकायची, ते."

"मग त्यांच्या आया काय म्हनत नव्हत्या?"

मी तिला मागं नेऊन पोरीचं चित्र दाखवलं. दुसऱ्या दिवशी तिनंच पाटीभर कोळसा धाडला!

*

तपासणीला साहेब आले. चौथीतल्या किसननं भिंतीवर वनखात्याचा पिंजरा काढलेला. आत शेळी, बाहेर बिबट्या.

"आदिमानवाकडं पिंजरा होता का रे?"

"त्यांनी त्यांचा बिबट्या काढला, आमी आमचा. आमचा लई हुशार हाय, आत जातच न्हाई!"

साहेब भडकले. "शनिवारपर्यंत भिंत पांढरी पाहिजे. नाहीतर बाई, तुमचा चित्रकलेचा तास बंद!"

माझं डोकंच फिरलं. "लेखी द्या, साहेब!"

लेखी काही आलं नाही. डिस्टेंपरचा डबा आला.

*

आमचे हेडसर भला माणूस, पण साहेबांचं नाव काढलं की त्यांना घाम फुटायचा. "बाई, पोरांना समजावा."

"तुम्हीच समजावा!"

ते वर्गात गेले. सुमन ताडकन उठली. "सर, त्या गुहेत कुणी डिस्टेंपर मारला न्हाई, म्हणून तर बाईंना धडा शिकवता आला!"

"खाली बस," म्हणत हेडसर स्वतःच बसले.

*

शनिवारी सकाळी रंगारी डबा घेऊन मागं गेला, तर चाळीस पोरं भिंतीला चिकटलेली! ज्याचे त्याचे दोन्ही पंजे ज्याच्या त्याच्या चित्रावर दाबलेले.

"व्हा की रं बाजूला!"

कुणी हललं नाही. हेडसर माझ्याकडं बघायला लागले.

"मी नाही सांगणार!" म्हटलं. भीती वाटत होती, पण नाहीच सांगितलं.

"साहेब यायची येळ झाली. मी तर मारनार!" म्हणत रंगाऱ्यानं पंज्यांवरूनच ब्रश फिरवला. पोरं कोपरापर्यंत पांढरी झाली, खिदळत राहिली, पण जागची हलली नाहीत.

तेवढ्यात साहेबांची जीप आली. "काय तमाशा आहे हा? बाजूला व्हा!"

पोरं झाली बाजूला.

पांढऱ्याशुभ्र भिंतीवर गेरूचे, कोळशाचे ऐंशी पंजे!

साहेबांनी रंगाऱ्याकडं बघितलं. तो ब्रश धुवत म्हणाला, "डबा संपला, साहेब."