माठाचं ओलं फडकं

अंबडहून कामावरून परतताना मी शेजारच्या सरांच्या दारातल्या माठाशी थांबतो. त्यावर ओलं फडकं गुंडाळत निवृत्त सर हमखास सांगतात, "पाण्याचे चपळ कण उडतात, जाताना उष्णता घेऊन जातात. म्हणून माठ गार." आतून काकू ओरडतात, "अहो, आधी त्याला पाणी द्या, मग शिकवा!" आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच; मला ते रोज ऐकायला आवडतं.

परवा काकूंचा ताप औषधानेही उतरेना. सर त्यांच्या कपाळावर ओली पट्टी ठेवत होते, पण एक शब्द बोलत नव्हते. मी दारातच उभा राहिलो. शेवटी काकूंनीच डोळे किलकिले केले. "अहो, आज तुमचे कण गप्प का?"

"उडताहेत, उडताहेत," म्हणत सरांनी पट्टी पुन्हा भिजवली. पिळायला मात्र विसरले.