मोठ्या मोटारीचा सेट

अजूनही आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते. लातूर नुकतंच वेगळा जिल्हा झालं होतं आणि पाऊस तोंड दाखवायला तयार नव्हता. गल्लोगल्ली बोअरच्या गाड्या धडधडत होत्या. तशात आमच्या हौशी रेडिओवाल्यांच्या क्लबाला उपग्रहावरून बोलायचा सेट घ्यायचा होता.

मला तो एका माणसासाठी हवा होता. किनवटच्या जंगलात आश्रमशाळेवर शिकवणारा माझा मित्र. मधल्या डोंगरांमुळे त्याचा आवाज एरवी आमच्यापर्यंत पोचत नसे. उपग्रह डोक्यावर आला, की स्वतः जोडलेल्या चिमुकल्या सेटवरून तो हाक मारायचा, "जय भीम, लातूर!"

हैदराबादच्या एका ओळखीच्याकडे दोन सेट विकायला होते. त्यातला लहान मी मागून आणून वापरून पाहिला होता, मित्राची ती हाक त्यावरच ऐकली होती. त्यावर बोलता बोलताच उपग्रहाकडून परत येणारा आपला आवाज कानावर पडे. तो फार चढला की ताकद कमी करायची. कारण उपग्रहाची ताकद सगळ्यांत मिळून असते, एकानं जास्त ओढली की बाकीचे बुडतात. दुसरा सेट भलताच ताकदवान, पण बोलताना त्याचे कान बंद, आपण किती जोरात पोचतोय ते कळायचंच नाही.

आमचे अध्यक्ष मोटारपंपांचे दुकानदार. त्यांनी एकच विचारलं, "वॅट किती?"

"काका, यात वॅट नाही, कान बघायचे असतात," मी म्हणालो.

"अरे, दुष्काळात कुनी बारकी मोटार बसवतंय का? लई ताकदीचाच घ्या!"

सगळ्यांनी नंदीबैलासारख्या माना डोलावल्या. काकांच्या नव्या मोटारीनं शेजारणीचं बोअर कोरडं पडलं होतं. तिलाही त्यांनी मोठी मोटार बसवायलाच सांगितलं होतं.

मोठा सेट आला. उपग्रह उगवला की काका गरजायला लागत, ते तो मावळेपर्यंत माईक सोडत नसत.

शेवटी मित्र एसटीनं लातूरला आला. काकांना म्हणाला, "तुमी बोलून राहिले की माझं कुनालाच ऐकू जात न्हाई हो."

काका हसले. "मग तुमी बी मोठा घ्या की, गुरुजी!"

मित्र मान हलवून "हाव" म्हणाला आणि पाणीही न पिता परत गेला. माझं डोकंच फिरलं. पुढच्या वेळी उपग्रह आला तेव्हा काकांच्या हातातला माईक मी हिसकावून घेतला आणि नुसतं ऐकत बसलो. लांबलांबची माणसं एकमेकांशी बोलत होती. किनवटहून हाक आली नाही. त्यानंतरही कधी आली नाही.