कोरं पान स्कॅन केलं तेव्हा

माझ्या धाकट्या भावाची पत्र्याची पेटी आष्टीच्या आमच्या घरात आईच्या खाटेखाली असायची. तो घर सोडून गेला त्याला बावीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत आईनं ती पेटी पुसली, हलवली, पावसाळ्याआधी विटांवर उचलून ठेवली, पण कुणाला उघडू दिली नाही. गेल्या उन्हाळ्यात गंजलेल्या बुडातून वाळवी आत शिरली. आईनं मला हाक मारली आणि पहिल्यांदाच म्हणाली, "उघड."

आत दोन शर्ट होते, बारावीच्या वह्या होत्या, परीक्षेचं प्रवेशपत्र होतं, तुटलेलं एक कॅल्क्युलेटर होतं. वह्यांच्या कडा हातात आल्या की भुगा व्हायचा.

"हे ऱ्हाईल का रं?" आईनं विचारलं.

"कागद नाही राहणार. पण एकेका पानाचं चित्र काढून संगणकात ठेवता येईल."

"मंग ठिव."

मोबाइलवर काढून पाहिलं. हाताची सावली पडायची, वाकडी पानं आणखी वाकडी दिसायची. मला ते नीट हवं होतं. मी जन्मभर शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून काम केलं. काचेच्या नळ्या पुसणं, मापं जुळवणं, वस्तू जागच्या जागी ठेवणं, हेच आयुष्य. शाळेला मिळालेल्या संगणकांवर लिनक्स होतं, फुकट मिळणारी वेगळी प्रणाली. कुणाला त्यात रस नव्हता, म्हणून ते सांभाळायचं काम माझ्याकडे आलं आणि मला जमलं. निवृत्त झाल्यावर घरी एक जुना संगणक घेतला, त्यावरही तेच टाकलं.

बसस्टँडजवळ टीव्ही आणि इन्व्हर्टर दुरुस्त करणारे एक भाई आहेत. शाळेचा प्रोजेक्टर मी वर्षानुवर्षं त्यांच्याकडेच नेत असे. त्यांच्या फळीवर एक स्कॅनर धूळ खात पडला होता, झाकणाचा, पाटीसारखा चपटा.

"चालू हाय का हो भाई?"

"लाईट लागती सर. पर नवीन कंप्युटर घेत न्हाई त्याला. लई जुना झाला. तुमच्याकडं ते येगळं हाय ना, बघा लावून."

घरी येऊन यूएसबीची वायर जोडली. आतला दिवा एकदा लुकलुकला आणि विझला. संगणकाला काय काय जोडलेलं आहे त्याची यादी दाखवणारी एक आज्ञा असते. ती दिली. स्कॅनर यादीत होता, क्रमांकासकट. मग स्कॅन करणाऱ्या प्रोग्रामला विचारलं. तो म्हणाला, एकही स्कॅनर सापडला नाही.

वायर काढली, दुसऱ्या खाचेत घातली. पुन्हा तेच. यादीत आहे, सापडत नाही.

हे मी आधी माणसांच्या तोंडून ऐकलेलं होतं. भाऊ गेल्यानंतरची पहिली पाच-सहा वर्षं माझी अशीच गेली. पोलीस ठाण्यात त्याची नोंद होती, वय एकोणीस, रंग सावळा, डाव्या घोट्यावर भाजल्याचा व्रण. मोटारसायकलच्या सायलेन्सरला पाय लागला होता, त्याचा. कुठं बेवारस प्रेत मिळालं की निरोप यायचा आणि मी जायचो. नगर, सोलापूर, दौंड. तिथला माणूस चादर डोक्याकडून उचलायला लागला की मी म्हणायचो, पाय दाखवा. तोंडाकडे पाहायची माझी छाती नव्हती. अकरा वेळा मी अनोळखी माणसांचे पाय पाहिले. त्यातला एकही माझा भाऊ नव्हता, आणि दर वेळी सुटकेच्या आधी क्षणभर वाटायचं, असता तर संपलं असतं. ते पाय अजून दिसतात मला. जेवताना दिसतात, शाळेच्या ओळीत मुलं उभी राहिली की दिसायचे.

मी असा परत आलो की आई न्हाणीत पाणी काढून ठेवायची. काय पाहिलंस, हे तिनं कधी विचारलं नाही. मला वाटायचं, तिला ऐकवणार नाही.

स्कॅनरवर मी तीन आठवडे घालवले. दुपारची वीज जायची, आली की पुन्हा बसायचो. आधी कळलं की स्कॅनर फक्त संगणकाच्या मुख्य मालकाला दिसतोय, साध्या वापरणाऱ्याला परवानगी नाही. एका फाइलमध्ये दोन ओळी लिहून ती दिली. मग प्रोग्रामला स्कॅनर सापडला, पण चालेना. नवीन तक्रार आली, फर्मवेअर नाही. इंटरनेटवर अशा जुन्या यंत्रांबद्दल लोक एकमेकांना विचारत असतात, तिथं मी माझ्या मोडक्या इंग्रजीत लिहिलं. कुठल्याशा दूरच्या देशातल्या माणसानं दोन दिवसांनी उत्तर दिलं. त्यानं सांगितलं की या जातीच्या स्कॅनरला स्वतःचं काही लक्षात राहत नाही. वीज गेली की तो सगळं विसरतो, आणि दर वेळी जागा झाला की काम कसं करायचं ते संगणकानं त्याला सांगावं लागतं. ते सांगणारी छोटीशी फाइल कंपनीच्या जुन्या सीडीवर असते.

मी पुन्हा भाईंकडे गेलो. त्यांनी माळ्यावरून सीड्यांचं खोकं काढलं आणि आम्ही दोघं तासभर एकेक सीडी पुसून पाहत बसलो.

"एवढं काय छापायचं हाय सर?" त्यांनी विचारलं.

"भावाच्या वह्या आहेत."

ते आष्टीचेच. त्यांना माहीत होतं. त्यांनी खोक्यात खाली हात घातला आणि चरे पडलेली ती सीडी वर काढली.

फाइल मिळाली, योग्य जागी ठेवली, तरी चालेना. फाइलचं नाव मोठ्या इंग्रजी अक्षरांत होतं आणि लिनक्सला छोट्या अक्षरांतलं हवं होतं. नाव बदललं. वायर काढून पुन्हा जोडली. दिवा लागला आणि तसाच राहिला, आणि झाकणाखालून घरघर आवाज करत तो पुढं सरकू लागला. पलीकडच्या खोलीतून आई आली आणि दारात उभी राहिली.

"कोण हाय?" ती म्हणाली.

"कोणी नाही आई. मशीन चालू झालं."

ती थोडा वेळ त्या सरकणाऱ्या उजेडाकडे पाहत राहिली आणि गेली.

मी क्रमानं सुरुवात केली. पहिली वही भौतिकशास्त्राची. भाऊ बॉलपेन फार दाबून लिहायचा, पानाच्या मागच्या बाजूला अक्षरं हाताला लागायची. चार-पाच पानं झाल्यावर लक्षात आलं की प्रत्येक चित्रात एक उभी फिकट रेघ येते आहे. काचेवर घाण आहे की आत काही बिघाड आहे, हे पाहायला कोरा कागद ठेवावा म्हणून मी वहीच्या शेवटाकडचं एक कोरं पान उघडलं. त्याच्या आधीचं पान फाडलेलं होतं, शिवणीपाशी फाटकी किनार तेवढी होती. रेघ स्पष्ट दिसावी म्हणून मी संगणकावर काळ्या-पांढऱ्यातला फरक वाढवून चित्र गडद केलं.

रेघ दिसली. तिच्या दोन्ही बाजूंना अक्षरंही दिसली.

स्कॅनरचा दिवा कागदावर एका बाजूनं तिरपा पडतो. वरच्या पानावर दाबून लिहिलेल्या अक्षरांचे खड्डे या पानावर उमटले होते आणि त्यांत बारीक सावल्या धरल्या होत्या. डोळ्यांना पान कोरं होतं. मी ते आडवं ठेवून पाहिलं, उलटं ठेवून पाहिलं, खोली अंधारी केली, झाकणावर शब्दकोश ठेवून दाबलं. तास-दीड तासात मला एवढं वाचता आलं. वर "आई". मग दोन ओळी लागल्या नाहीत. मग "शोधू नका". पुन्हा काही लागलं नाही. आणि अगदी खाली, जिथं त्यानं सगळ्यात जास्त जोर दिला होता तिथं, "दादाला हे दाखवू नको. तो मला ओळखत नाही."

दादा म्हणजे मी.

आता जे कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगतो. भाऊ बारावीला एकदा नापास झाला होता आणि सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसला होता. त्याला केंद्र म्हणून आमचीच शाळा आली. घरचं कुणी परीक्षेला असेल तर ते लिहून द्यावं लागायचं आणि मग त्या केंद्रावर काम मिळत नसे. मी लिहून दिलं नव्हतं. गणिताच्या पेपरला भरारी पथक आलं आणि भावाच्या खिशात कॉपीची चिठ्ठी सापडली. पथकाच्या बाईंनी त्याचं प्रवेशपत्र पाहिलं, मग पाण्याची बादली घेऊन दारात उभ्या असलेल्या माझ्या छातीवरचा नावाचा बिल्ला पाहिला.

"आडनाव एकच आहे. तुमचा कोण हा?"

"कोणी नाही," मी म्हणालो. "मी ओळखत नाही याला."

तो माझ्याकडे पाहत होता. त्याला बाहेर नेलं तेव्हा माझ्या अंगाला घासून गेला, आणि मी बादली सांडू नये म्हणून सावरली. घरी आल्यावर आम्ही दोघंही त्यावर बोललो नाही. आठव्या दिवशी तो गेला.

मी संगणकासमोरून उठलो आणि बाहेर आलो. आई ओट्यावर तूर निवडत होती.

"आई, त्यानं जाताना चिठ्ठी ठेवली होती?"

तिचा हात थांबला. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. "कुठं घावली तुला?"

"नाही घावली. खालच्या पानावर उमटली होती."

"म्या तर चुलीत घातली हुती," ती म्हणाली. "दोनदा वाचली आन घातली." आई चौथीपर्यंत शिकलेली आहे. बोट ठेवून वाचते.

"काय लिहिलं होतं?"

"पुण्याकडं जातो म्हनला. कुठंतरी कंपनीत लागतो. शोधू नका. एक साल गेलं की येतो."

"आणि तू मला सांगितलं नाहीस? मी प्रेतं बघत फिरत होतो, आई."

"फिरत हुतास," ती म्हणाली. तिनं सूप बाजूला ठेवलं. "पयलं साल म्या त्याचं ऐकलं. दाखवू नको म्हनला, न्हाई दाखवलं. तो आलाच न्हाई. मंग मला भ्या वाटलं. तुला सांगावं तर तू म्हनला आसता, आपल्या पायानं गेला, येईल न्हाईतर ऱ्हाईल. तू शोधायचं सोडलं आसतंस. तू भाईर पडायचास तवा मला वाटायचं, कुनीतरी हुडकतंय माज्या लेकराला."

मी ओट्याच्या पायरीवर बसलो. रस्त्यावरून उसाचा रिकामा ट्रॅक्टर गेला.

"आता तू सांग," आई म्हणाली. "दादा वळखत न्हाई आसं कावून लिवलं त्यानं? बावीस वर्सं इचारलं न्हाई म्या तुला."

मी सांगितलं. कॉपीची चिठ्ठी, पथकाच्या बाई, बादली, सगळं. माझं संपल्यावर तिनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं आणि उरलेली तूर निवडली. निवडून होईपर्यंत मी तिथंच बसून होतो. मग ती उठली आणि आत गेली.

पुढं चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. जेवण वाढायची, पाणी द्यायची, शब्द नाही. मी राहिलेल्या वह्या स्कॅन करत बसलो, कारण दुसरं काय करावं कळत नव्हतं. प्रत्येक कोरं पानही ठेवून पाहिलं. त्यांत गणितं उमटली होती, एका ठिकाणी आष्टीतल्याच एका दुकानाचा पत्ता, पण त्या चिठ्ठीसारखं दुसरं काही मिळालं नाही.

पाचव्या दिवशी आई म्हणाली, "पुन्याला जाऊ."

"आता? तिथं कुठं शोधायचं?"

"तू प्रेतंच हुडकली," ती म्हणाली. "जित्यात बघितलंच न्हाईस."

तिचं वय ऐंशीच्या पुढं. मी सकाळच्या एसटीनं तिला नेलं. प्रवेशपत्रावरचा त्याचा फोटो स्कॅन करून मोठा छापून घेतला होता. कारखान्यांच्या भागात, पाळी सुटते त्या वेळी, आम्ही एका चहाच्या टपरीसमोर बसलो. मी दोन-चार जुन्या कामगारांना फोटो दाखवला. एकानं नीट निरखून पाहिला आणि मान हलवली. त्यानंतर आई फोटो दाखवू देईना. ती फाटकातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाकडे पाहत होती, एकही चेहरा सोडत नव्हती. गर्दी संपली, फाटक बंद झालं, तरी ती हलेना. टपरीवाल्यानं भांडी घासायला घेतली तेव्हा मी तिचा हात धरून उठवलं.

परतीच्या गाडीत नगर सोडल्यावर मला वाटलं ती झोपली. ती खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "त्याच्या बापाला चाळिशीतच टक्कल पडलं हुतं. त्याला बी पडलं आसल."

मी मांडीवरच्या फोटोकडे पाहिलं, एकोणीस वर्षांचा, दाट केसांचा. दुपारभर मी हा चेहरा शोधत होतो. तो आता एक्केचाळीस वर्षांचा असेल, असलाच तर, आणि फाटकातून माझ्यासमोरून गेला असता तरी मला कळलं नसतं.

आष्टीच्या आधीच्या कडा गावात गाडी थांबली. काही माणसं उतरली, काही चढली. आईनं पदर सावरला आणि चढणाऱ्यांकडे पाहत राहिली.