शिरीनच्या गावाची साक्ष

कडाववरून मी निघाले ती दुधाच्या टेंपोत, किटल्यांमध्ये पेटी कोंबून. बाळू, तू कर्जत स्टेशनापर्यंत सोबत आलास आणि वाटभर एकच धोशा लावलास, ताई, मलाही तिकडं बोलावून घे. निघताना आईनं हातावर दही घातलं आणि म्हणाली, "परका मुलूख हाय, कुणाच्या भांडणात पडायचं नाय गं." बाबांचं वेगळंच. गावात बांधाचा तंटा झाला की साक्षीला त्यांनाच बोलवायचे. त्यांनी एवढंच सांगितलं, की डोळ्यांनी बघितलंस तेवढंच बोल. मी आपली साधी नर्स, इराकला नोकरीला चाललेली. मला कोण साक्षीला बोलावतंय, असं म्हणत मी टेंपोत चढले.

कंपनीचं धरणाचं काम उत्तरेला होतं, कुर्दांच्या डोंगरात. कॅम्पवर माझा दवाखाना. वरच्या गावातली शिरीन रोज सकाळी झाडलोट करायला यायची, येताना दही आणायची. तिला माझी भाषा येत नव्हती, मला तिची. तरी आमच्या गप्पा भारी रंगायच्या, सुट्टीच्या दिवशी मी वर तिच्या गावातही जाऊन यायचे. माझ्या चहात साखर कमी म्हणून ती मला रोज नावं ठेवायची. पुढच्या वर्षी साजगावच्या कारखान्यातली नोकरी सोडून तूही आलास, कंपनीत इलेक्ट्रिशियन म्हणून. शिरीननं तुला भाऊ मानलं होतं, आठवतं ना? खालच्या इराकी लष्कराच्या चौकीवरचा मेजर हाताला ड्रेसिंग करून घ्यायला यायचा. तो इंग्रजीत फार अदबीनं बोलायचा.

एक दिवस शिरीन आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी जीप काढायला लावली आणि वर गेले. गावात माणूस नाही. दारं सताड उघडी, एका घरात परातीत मळलेलं पीठ वाळून गेलेलं, कोंबड्या अंगणभर. आणि कर्जतकडच्या या शहाणीला काय वाटलं? आपल्याकडची कातकरी वाडी दिवाळी झाली की वीटभट्टीवर जाते, अख्खी वाडी ओस पडते. तसेच हेही गेले असतील कुठं कामाला, येतील पावसाआधी. वाडीवरचे लोक जाताना दार सुतळीनं बांधतात, कोंबड्या टोपलीत घालून नेतात. हे लहानपणापासून बघितलेलं, पण तेव्हा डोक्यात आलं नाही. अक्कल गहाण टाकली होती म्हण. नंतर मेजर ड्रेसिंगला आला तेव्हा मी सहज विचारलं. त्यांना आम्ही खाली नव्या वस्तीत नेलंय, तिथं नळ आहेत, म्हणाला. मला बरंच वाटलं. शिरीनला आता पाण्याला उतरावं लागणार नाही, असं मनात आलं.

करार संपला, मी जर्मनीत हॉस्पिटलात लागले. तू इराकलाच राहिलास. इराण-इराक लढाई संपत आली तशी आमच्या शहरात कुर्द निर्वासित यायला लागले. त्यांच्यातली एक म्हातारी शिरीनच्या शेजारच्या गावची निघाली. तिनं सांगितलं, सैनिकांनी ट्रक आणले, पुरुष वेगळे काढले, बायका वेगळ्या. शिरीनच्या गावचं कोणीच परत आलं नाही. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

आणि पुढं तोच मेजर आमच्या शहरात डोळ्यांच्या ऑपरेशनला आला! निर्वासितांनी त्याला ओळखलं. त्यांच्या वकीलबाईंनी तक्रार केली, हा माणूस परत जायच्या आत त्याला अटक करा, त्याच्यावर खटला भरा. पण कुर्दांचं इराकी लष्कराशी जुनं वैर, तेव्हा त्यांचं बोलणं म्हणजे दुश्मनाचं बोलणं, असं तिथले सरकारी वकील धरून चालले. तिऱ्हाईत साक्षीदार हवा होता. ते गाव भरलेलं आणि रिकामं, दोन्ही बघितलेली तिऱ्हाईत त्या शहरात मी एकटी.

तू अजून त्या देशात आहेस, माझं नाव पुढं आलं तर तुझं काय होईल, हे मला कळत नव्हतं असं समजू नकोस. आईचं बोलणंही कानात होतं. तरी मी गेले. सरकारी वकील सभ्य होता. गाव, चौकी, मेजर, सगळं नीट विचारलं. मग म्हणाला, रिकामं गाव बघून तुम्हाला काय वाटलं? वकीलबाई माझ्याकडे बघत राहिल्या. भीती वाटली, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण बाबांची मी मुलगी. मी वीटभट्टीचं सांगितलं.

त्यानं पेन थांबवून विचारलं, "तुमच्याकडचे ते लोक आपखुशीनं जातात का?"

माहीत नाही, म्हणाले मी. जन्मभर ती वाडी जाताना बघितली, एकदाही कोणाला विचारलं नव्हतं.

गावकऱ्यांना जबरदस्तीनं नेलं असं साक्षीतून दिसत नाही, म्हणून तक्रार निकालात निघाली. मेजर नवे डोळे घेऊन विमानात बसला. मी खरं बोलले, आणि तेच खरं त्याच्या कामी आलं. ते अजून मला सलतं. तिकडं तुझ्या कंपनीपर्यंत बातमी पोचली, तुला हातात पेटी देऊन घरी धाडलं. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. तू कडावहून फोनवर ओरडलास, "तुला कुणी विचारलं होतं? ते काय आपले होते?" ते शेवटचं बोलणं.

सुट्टीला मी येते तेव्हा पुढच्या ओटीवर माझी चप्पल दिसली की तू मागच्या दारानं निघून जातोस. आई माझं ताट वाढते आणि म्हणते, "रागावलाय गं तो. येईल परत, जातोय कुठं?" तिला कळत नाही मला जेवता जेवता रडू का येतं. शिरीनलाही भाऊ होता, बाळू. तिच्या घरात आता रागवायलासुद्धा कोणी नाही.

म्हणून सांगते, बोलायचं नसेल तर नको बोलूस. मी आले की मागचं दार खुशाल आपटून जा. मला आत ऐकू येतं.