रिकामी परत येणारी पाकिटं

आमचा रणवीर खुर्चीत बसला तरी त्याचा एक पाय निघालेलाच असतो. देवासच्या बसस्टँडमागे त्याचं लग्नपत्रिका, फ्लेक्स आणि लोगोचं दुकान आहे. कागदावर मोकळी जागा दिसली की त्याला चैन पडत नाही. दातांच्या डॉक्टरला लोगो हवा होता, तर यानं दाढ काढली, दाढेला डोळे काढले, मिशा काढल्या. डॉक्टर म्हणाले, "भिया, ये देख के तो मरीज भाग जाएगा."

त्याची थोरली वहिनी, नीतूवहिनी, थालीपिठाची भाजणी विकायला लागली तेव्हा पाकिटाचं काम साहजिकच घरच्या कलाकाराकडे आलं. देवासचा माणूस, टेकडीवरच्या माताजीपासूनच सुरुवात करणार. पण टेकडीवर माता दोन, सख्ख्या बहिणी. एकीला घेऊन दुसरीला वगळायची हिंमत कुणाची? दोघी आल्या. टेकडी आली, पायऱ्या आल्या, रोपवेसुद्धा आला.

"वहिनींचं नाव कुठंय?" मी विचारलं.

"पायऱ्यांवर आहे ना यार, नीट बघ."

भाजणी खपली. मग सोनकच्छच्या किराणावाल्या सेठजींचा फोन आला आणि आम्ही मोटरसायकल काढली. काउंटरखाली पोतंभर रिकामी पाकिटं.

"माताजी का फोटो है भिया, कचरे में कौन डाले? सब मेरे यहाँ रख जाते हैं. मैं क्या रोज कालीसिंध नदी में सिराने जाऊँ?"

पाकीट बदला, नाहीतर माल ठेवणार नाही, असं त्यांनी साफ सांगितलं. वहिनींचा बहुतेक माल त्याच दुकानातून जायचा.

मग रणवीर घरभर येरझारा घालू लागला. त्रिशूळ काढला, पुसला. समई काढली, पुसली. पुन्हा देवघरच.

"भाऊजी, बसा हो एका जागी. गरम आहे तोवर खा," वहिनींनी ताट पुढं सरकवलं. यानं घास तोडायला हात नेला आणि तसाच थांबला. गोल थालीपीठ, मधे बोटानं पाडलेली भोकं. मोबाइलवर तेवढंच काढलं, एका रंगात. चित्र लहान करत अंगठ्याच्या नखाएवढं केलं, तरी ओळखू येत होतं. खाली ठळक अक्षरांत वहिनींचं नाव.

"वर थोडी वाफ काढू?" रणवीरनं विचारलं.

"नको."

"लोण्याचा गोळा तरी?"

"भाऊजी, मोबाइल द्या इकडे." वहिनींनी तो सरळ पिठाच्या डब्यात ठेवून झाकण लावलं.

नवीन पाकिटं घेऊन आम्ही पुन्हा सोनकच्छला. सेठजी फोनवर कुणाशी तरी भांडत होते. भांडता भांडता त्यांनी एक पाकीट फोडलं, भाजणी हुंगली, घरी न्यायच्या बरणीत ओतली आणि पाकीट चुरगाळून न बघता कोपऱ्यातल्या कचऱ्यात भिरकावलं.

रणवीरनं माझा दंड आवळला. "फेकलं रे! बघितलंस? फेकलं!"

सेठजींनी फोनवर हात ठेवला. "क्या हुआ?"

"कुछ नहीं सेठजी," मी म्हणालो, "माल कहाँ उतारें?"