आजोबांचं रंगचक्र
मुलांनो, आज कपाटातल्या डांबरगोळ्यांच्या वासाने आठवलं, म्हणून लिहिते. करी रोडच्या घरी आजोबा तुमच्यासाठी संगणकावर रंगचक्र बनवत होते. ते फिरवून एखाद्या रंगावर थांबवलं की त्या रंगाची जुनी चित्रं आणि त्यांचा इतिहास समोर येई. डोळे अधू झाल्यापासून प्रत्येक रंग ते माझ्या साड्यांशी ताडून पाहत. एके दुपारी मी कपाटातली मोरपंखी साडी खिडकीच्या उजेडात धरली. "अगं, राखाडी काय आणलीस?" "अहो, हीच मोरपंखी." त्यांनी माऊसवरचा हात काढला. तुमचा बाबा त्यांना म्हणाला, "अण्णा, रंग आई सांगेल." "सांगून रंग कळत असते, तर हे कशाला करत बसलो असतो रे?" त्यानंतर ते संगणकापाशी बसले नाहीत. चक्रातले लाल आणि पिवळा पुरे झाले होते. तेवढे अजून चालतात.